जिवंत परतणारा नायक

(वडाळा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मालेत आजवर ज्ञानेश्वरीवर व्याख्यानं झाली, पाणीप्रश्नावर झाली, राज्यघटनेवर झाली. त्या रांगेत मी आज तलवारी, मुखवटे, दोरखंड, भुयारं आणि मध्यरात्री उधळलेले घोडे घेऊन उभा आहे. विषय हलका आहे याची मला कल्पना आहे. पण ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही माला चालते, ते वर्गात छडीचा दांडपट्टा करून इतिहास शिकवत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. तेव्हा त्यांची हरकत नसावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मधूनच उठून हार्बरची गाडी गाठायची आहे त्यांची सोय होईल. मराठी माणसाला इतिहासाचं वेड आहे, पण इतिहासातल्या साहसाची मजा लुटायला तो अलीकडे बिचकतो. साहसकथा रंगायला दोन गोष्टी लागतात. एक, नायक फार मोठा माणूस नसावा. दुसरी, तो शेवटी जिवंत परतावा, निदान परतेल अशी आशा अखेरपर्यंत टिकावी. आपल्या जुन्या कादंबरीकारांना हे पक्कं ठाऊक होतं. पुढे आपल्या हातून ते निसटलं, आणि पडद्यावर तर अगदीच निसटलं.

जुन्यांपासून सुरुवात करू. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. नावातला किल्लाच काल्पनिक. गुंजीकर काही गप्पिष्ट गृहस्थ नव्हते. ‘विविधज्ञानविस्तार’सारखं भारदस्त मासिक काढणाऱ्यांपैकी ते एक. तरी पहिल्याच ऐतिहासिक कादंबरीत त्यांनी किल्ला मनाने बांधला आणि त्यात माणसं मनाने कोंडली. शिवाजीराजे त्या कथेच्या कडेला आहेत.

मग हरि नारायण आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारे, विधवेच्या दुःखाने आपल्याला रडवणारे तेच हरिभाऊ ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९५ ते ९७ अशी ‘उषःकाल’ हप्त्याहप्त्याने लिहीत होते. साप्ताहिकाचं नावच ‘करमणूक’. त्याची त्यांना लाज वाटली नाही. ‘उषःकाल’चा भार कुणाच्या खांद्यावर आहे? सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा, विजापूरच्या चाकरीत मुरलेले. त्यांचा मुलगा नानासाहेब, ज्याचं रक्त उसळतंय. आणि सावळ्या नावाचं एक चलाख पोर. स्वराज्य उभं राहतंय, त्याची चाहूल पानापानावर आहे, पण आपण घोड्यावर बसतो ते नानासाहेबाबरोबर. याचं पुढे काय होणार हे वाचकाला माहीत नसतं. इतिहासात त्याची नोंद नाही, म्हणून तो मरू शकतो आणि वाचूही शकतो. म्हणून तर पुढच्या अंकाची वाट पाहायची.

हेच तंत्र अलेक्झांडर द्युमाने फ्रान्समध्ये वापरलं होतं. ‘थ्री मस्केटिअर्स’ १८४४ साली वर्तमानपत्रातून क्रमशः आली. राजा तेरावा लुई आहे, धूर्त कार्डिनल रिशल्यू आहे, पण गोष्ट आहे दार्तान्यां नावाच्या एका खेडवळ, खिशात दमडी नसलेल्या, तोंडाळ पोराची. हा दार्तान्यां खरोखर होऊन गेला होता. १६७३ साली मास्त्रिख्तच्या वेढ्यात तो पडला. त्याच्या नावावर १७०० साली कुणीतरी बनावट आठवणी छापल्या, त्या द्युमाच्या हाती लागल्या आणि त्या कच्च्या मालातून जगाने दीडशेहून अधिक वर्षं पुरवून खाल्लेली कथा निघाली. १६७३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे कोंडाजी फर्जंद नावाच्या माणसाने साठ गड्यांनिशी रात्रीत पन्हाळा घेतला. त्याच्याकडे परत येणारच आहे.

या परंपरेतला माझा सगळ्यांत आवडता लेखक मात्र मुंबईचा आहे. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव. १८८२ साली मुंबईत जन्म. शिक्षण बेताचं, नोकरी कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात. १९०५ साली शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून खाली कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तेवीस वर्षांचा तरुण. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने काय लिहावं? ‘सावळ्या तांडेल’ लिहिली, म्हणजे दर्यावरची धामधूम. ‘वीरधवल’ लिहिली, म्हणजे कट, सूड, वेषांतर. ‘सोनेरी टोळी’ लिहिली. आणि ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून स्वराज्यमाला लिहिली, जिच्यात माणसं सतत घोड्यावर, कड्यावर, तटावर असतात. पाय गेलेल्या माणसाने मराठीला पळायला शिकवलं. १९२८ साली ते गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांची भाषा आज जडावलेली वाटते आणि योगायोग इतके की मोजता मोजता दमायला होतं. पण प्रकरण संपताना ते वाचकाची मान जशी पकडतात, तशी पकड आजच्या अनेक पुरस्कारप्राप्त लेखकांना साधत नाही. समीक्षकांनी नाथमाधवांना फारसं जवळ केलं नाही. वाचनालयाच्या कपाटांतल्या प्रतींचे कोपरे मात्र झिजून गोल झाले.

आता पडद्याकडे वळू, आणि त्यासाठी या परिसरातून फार लांब जावं लागणार नाही.

हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ हा मूकपट केला. स्वतः बाबूराव त्यात शिवाजी महाराज झाले. रात्रीचे प्रसंग टिपायला त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि आपल्याकडच्या चित्रपटात ते नवं होतं. मुंबईत या चित्रपटाला अशी झुंबड उडाली की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. म्हणजे तानाजीने मोगलांकडून गड घेतला आणि इंग्रजांनी तानाजीवर कर घेतला.

त्या मूकपटात शेलारमामाचं काम करणारा तरुण होता शांताराम वणकुद्रे. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी बोलका ‘सिंहगड’ केला. मधल्या काळात १९३० साली ‘स्वराज्याचे तोरण’ नावाचा चित्रपट केला, तर सेन्सॉरने नाव बदलायला लावलं आणि झेंडा फडकवण्याचं दृश्य कापलं. तो ‘उदयकाल’ नावाने लागला. बरोबरच आहे, १९३० साल होतं. त्याच वर्षी आपल्या वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींचे जथे चालून येत होते आणि पोलिसांच्या लाठ्या खात होते. सरकारला तलवारीतला कागद आणि कागदातली तलवार दोन्ही ओळखू येत होतं.

इथून परळ किती लांब? परळला लवजी कॅसल नावाचा वाडियांचा जुना बंगला होता. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेले जहाजबांधणीचे उस्ताद. त्यांच्या वंशातले जे. बी. एच. आणि होमी वाडिया हे दोन भाऊ जहाजं सोडून सिनेमात शिरले. जे. बी. एच.वर डग्लस फेअरबँक्सची भुरळ. फेअरबँक्सचा ‘मार्क ऑफ झोरो’ १९२० चा. काळा मुखवटा, काळा घोडा, गरिबांचा कैवार. वाडियांनी तो मुखवटा उचलला आणि एका बाईच्या तोंडावर बांधला. १९३५ चा ‘हंटरवाली’. पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजे नादिया, हातात हंटर घेऊन छपरांवरून उड्या मारू लागली आणि गिरणगावातल्या पिटातल्या प्रेक्षकाने तिला डोक्यावर घेतलं. स्त्रीमुक्तीवर तेव्हा परिषदा होत होत्या की नाही, मला ठाऊक नाही. परळमध्ये एक बाई दर शुक्रवारी चार पुरुषांना उचलून आपटत होती. पुढे १९४२ मध्ये त्याच जागेवर शांतारामांनी राजकमल कलामंदिर उभारलं. १९२३ चा शेलारमामा हंटरवालीच्या अंगणाचा मालक झाला.

याच काळात आपला एक मराठी गडी ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून गाजत होता. मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या कंपनीतून मुंबईला आलेला. मूकपटांत तलवारी फिरवून त्याने एवढं नाव कमावलं की १९३१ च्या ‘आलम आरा’चा, म्हणजे पहिल्या बोलपटाचा नायक तोच. त्यासाठी आधीची कंपनी सोडली म्हणून खटला झाला आणि विठ्ठलच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना. दुर्दैव असं की बोलपटाला तलवारीपेक्षा उर्दू उच्चार जास्त लागत होते. चित्रपट बोलू लागला आणि उडी मारणाऱ्याची किंमत उतरली. पुढे भालजी पेंढारकरांनी त्याला आपल्या चित्रपटांत सांभाळून घेतलं.

भालजींविषयी स्वतंत्र व्याख्यान हवं. ‘नेताजी पालकर’ १९३९, ‘थोरातांची कमळा’ १९४१, ‘बहिर्जी नाईक’ १९४३, ‘पावनखिंड’ १९५६, ‘मोहित्यांची मंजुळा’ १९६३. नावं पुन्हा ऐका. सेनापती, हेर, एक कमळा, एक मंजुळा. भालजींच्या मनात महाराज देवाच्या जागी होते, आणि नेमकं म्हणून ते महाराजांना दर वेळी मध्यभागी उभं करत नव्हते. देवळातल्या देवाला कुणी तालमीत उतरवत नाही. तालमीत भक्त उतरतो.

आता बिघडलं कुठे? माझ्या मते १९६२ साली, आणि बिघाडाचं कारण एक फार चांगलं पुस्तक आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’. थोरल्या माधवरावांची ती कादंबरी इतकी देखणी झाली की मराठी ऐतिहासिक कादंबरीने आपली बैठकच बदलली. त्यानंतर ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंतांचा ‘छावा’, ना. सं. इनामदारांचा ‘राऊ’. कादंबरी म्हणजे थोर पुरुषाचं चरित्र, हे समीकरण बसलं. या पुस्तकांवर माझा राग नाही. ‘स्वामी’तली रमा-माधवाची शेवटची पानं वाचताना डोळे न भरणारा मराठी वाचक मी पाहिलेला नाही. पण नायक पेशवा किंवा छत्रपती झाला की लेखकाचे हात बांधले जातात. त्याच्या जन्माची तिथी ठरलेली, मृत्यूची ठरलेली. तो खोटं बोलून निसटू शकत नाही, खानावळीत फसू शकत नाही, चुकीच्या खिडकीतून आत शिरू शकत नाही. दार्तान्यांची निम्मी मजा चुकीच्या खिडकीत आहे.

पडद्यावर हीच अडचण चौपट होते. ‘राऊ’वरून २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला, तर काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून गदारोळ. ‘छावा’वरून २०२५ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला, झलक झळकली तोच संभाजी महाराजांच्या लेझीम खेळण्यावर आक्षेप निघाले आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढलं. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावना मी समजू शकतो. राजाविषयी माणूस हळवा असतो. पण मग राजाला नाचवायचंच कशाला? राजाच्या फौजेत एक मनाचा शिलेदार घाला. तो लेझीम खेळेल, पैज हरेल, प्रेमात पडेल, मार खाईल, आणि कुणाच्याही भावना दुखावणार नाहीत. वॉल्टर स्कॉटने दोनशे वर्षांपूर्वी हीच युक्ती शोधली होती. हरिभाऊंनीही तीच वापरली.

दुसरी गोष्ट, मरण. आपले चित्रपट कोणते प्रसंग निवडतात पाहा. तानाजी, ४ फेब्रुवारी १६७०, पडले. बाजीप्रभू, जुलै १६६०, पडले. प्रतापराव, सहा स्वार घेऊन गेले, पडले. ‘छावा’चा शेवट तर पाहवत नाही. विकी कौशलने जीव ओतून काम केलं आहे, चित्रपटगृहात लोक हुंदके देत होते, आणि ते हुंदके खरे होते. पण बाहेर पडताना कुणाच्या पावलात उडी नव्हती. साहसकथा पाहून आलेलं पोर घरी जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरतं. हुतात्म्याची कथा पाहून आलेलं पोर मान खाली घालून उतरतं. दोन्हींची गरज आहे. आपण फक्त दुसरी शिल्लक ठेवली.

मराठ्यांचा इतिहास म्हणजे निव्वळ बलिदानांची यादी नव्हे हो! तो निसटण्याचा, चकवण्याचा, हसत परत येण्याचाही इतिहास आहे. महाराज शायिस्तेखानाच्या छावणीत शिरून बोटं कापून परत आले, १६६३. आग्र्याहून औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन आले, १६६६. आणि कोंडाजीने साठ माणसांत पन्हाळा घेतला, १६७३. हा शेवटचा प्रसंग दिग्पाल लांजेकरांनी २०१८ साली ‘फर्जंद’मध्ये घेतला आणि मला तो त्यांच्या पुढच्या चित्रपटांपेक्षा उजवा वाटतो. कारण साधं आहे. महाराज बेत आखतात आणि बाजूला होतात. मग निवडक गडी जमवायचे, सराव करायचा, हेरांनी बातमी आणायची, कडा चढायचा. कमी खर्चात केलेला चित्रपट आहे, काही ठिकाणी नाटकी आहे, पण त्यात खेळकरपणा आहे. माणसं मोहिमेवर निघताना एकमेकांची थट्टा करतात. पुढे त्यांच्याच ‘पावनखिंड’मध्ये ती थट्टा विरली आणि घोषणा वाढल्या.

लढाई दाखवण्याच्या रीतीवरही थोडं बोलतो, कारण पडद्यावरची साहसकथा अखेर शरीराची कला आहे. १९५२ चा ‘स्कॅरामूश’ जमल्यास पाहा. साबातिनीच्या कादंबरीवरचा. शेवटी एका नाट्यगृहात तलवारबाजी सुरू होते: सज्जाच्या कठड्यावर, जिन्यात, खुर्च्यांमध्ये, आणि अखेर रंगमंचावर. सहा-साडेसहा मिनिटं पात्यावर पातं, आणि पाय कुठे पडतोय हे प्रत्येक क्षणी दिसतं. युरोपची ही तलवारबाजी एकास एक असते, मनगटाची असते, मध्ये बोलायला सवड असते.

आपला दांडपट्टा वेगळा. कोपरापर्यंत लोखंडी खोबणी, त्यात मूठ आडवी धरलेली, पुढे लांब लवचीक पातं. मनगट जखडलेलं, म्हणून फेक खांद्यातून आणि कमरेतून येते. हे हत्यार एकाने अनेकांना अंगाला भिडू न देण्याचं. गोल फिरणाऱ्या पट्ट्याभोवती मोकळं रिंगण तयार होतं, आणि त्या रिंगणाची लय हाच आपला खरा तमाशा आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत आजही तो पाहायला मिळतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान दिला, छान झालं. पण पडद्यावर पट्टा फिरू लागला की दिग्दर्शक चित्र संथ करतो, रक्ताचे थेंब हवेत तरंगू लागतात, मागे शंखध्वनी आणि मंत्रघोष. अहो, पट्ट्याचा वेग हेच त्याचं सौंदर्य! तो संथ करून दाखवणं म्हणजे लावणी विलंबित लयीत गाणं. २०२० चा ‘तान्हाजी’ तंत्राने चकचकीत आहे, सैफ अली खानचा उदयभान मला आवडला, खलनायक खलनायकासारखा मजा घेतो. पण कडा चढताना दोराला माणसाचं वजन आहे असं वाटत नाही. इथे भक्ती पार्कात २००१ साली आयमॅक्सचा घुमटाएवढा पडदा आला. पडदे वाढत गेले, अंगावर येणारी भीती वाढली नाही.

मग कथा कुठून आणायच्या? मी दोनच सांगतो, दोन्ही आपल्या उंबऱ्यावरच्या.

पहिली ठाण्याची. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत ठाण्याच्या किल्ल्यात होता. तोच किल्ला जिथे आज मध्यवर्ती तुरुंग आहे. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, कारण देशी शिपाई फितूर होतील ही भीती. पण गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं! एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मोतद्दाराने घोडा खरारताना खिडकीखाली गाणी म्हणायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. गाण्यात पळण्याचा बेत होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंतीपार झाला. काही वर्षांनी बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात ही हकिकत नोंदवली. इनामदारांची १९६३ ची ‘झेप’ याच त्रिंबकजीवर आहे. आता सांगा, या कथेचा नायक कोण? मला विचाराल तर तो मोतद्दार. इतिहासाने त्याच्याविषयी फार काही ठेवलेलं नाही, म्हणजे कादंबरीकाराला कोरा कागद.

दुसरी खांदेरीची. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजीराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला माणसं घातली. पुढारी मायनाक भंडारी. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण खांदेरीवरून त्यांचं प्रत्येक जहाज दिसणार. त्यांनी गलबतं पाठवली. सप्टेंबरात उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचं मराठी आरमार वल्ही मारत तुटून पडलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांनी धरलं, बाकीची मागे सरली, एकट्या ‘रिव्हेंज’ने तोंड दिलं. तरीही बेटाची कोंडी होईना. इंग्रजांची जहाजं जड, तळ खोल. मराठ्यांचे मचवे उथळ पाण्यावरून रात्री सरकत रसद पोचवायचे आणि उजाडायच्या आत परत. जानेवारीत इंग्रजांनी तह करून नाद सोडला.

‘रिव्हेंज’वर जो कॅप्टन होता त्याचं नाव रिचर्ड केग्विन. द्युमालाही असा माणूस कल्पिता आला नसता. आधी सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर. खांदेरीनंतर चार वर्षांनी, डिसेंबर १६८३ मध्ये, याने मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीविरुद्धच बंड केलं, डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि इंग्लंडच्या राजाच्या नावाने जवळजवळ वर्षभर मुंबईचा कारभार हाकला. तेवढ्यात संभाजी महाराजांशी तहही केला. मग माफीच्या अटीवर किल्ला सोडला, आणि १६९० मध्ये वेस्ट इंडीजच्या एका बेटावर हल्ला करताना मेला. समोर मचव्यावरचा एक तरुण भंडारी किंवा कोळी तांडेल उभा करा, या बाजूला केग्विन. दोघं शत्रू, दोघंही आपापल्या धन्याला वैतागलेले, दोघांनाही पाणी कळतं. एरॉल फ्लिनच्या १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’ला तोड निघेल.

आणि खांदेरीनंतर दहा वर्षांनी, १६८९ मध्ये, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान रात्री शिवडीला उतरला. म्हणजे या सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिवडीचा किल्ला अजून उभा आहे. माझगाव, माहीम त्याने घेतलं, आणि इंग्रज जवळपास वर्षभर आपल्या कोटात अडकून पडले. वडाळ्याचं नाव चित्रपटाच्या शीर्षकात आलं ते २०१३ मध्ये ‘शूटआउट अॅट वडाला’मुळे, तोही एका पुस्तकावरून काढलेला. गोळ्या झाडायला वडाळा आठवतो. खाडीतून मशाली विझवून सरकणारी सिद्द्यांची गलबतं आणि किनाऱ्यावर जागा असलेला एखादा मिठागरवाला कुणाला आठवत नाही.

गो. नी. दांडेकरांना आठवला असता. किल्ले पायांनी पालथे घातलेला हा माणूस शिवकालावर लिहायला बसला तेव्हा त्याने ‘बया दार उघड’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली माणसं मावळातली, किनाऱ्यावरची, वाडीवस्तीवरची. सिनेमावाल्यांनी गोनीदांची ‘पवनाकाठचा धोंडी’ घेतली, ‘जैत रे जैत’ घेतली आणि सोनं केलं. शिवकालीन कादंबऱ्यांची पुस्तकं आजही दुकानात मिळतात. दीडशे कोटींचा चित्रपट काढणाऱ्याला दोनशे रुपयांचं पुस्तक परवडायला हरकत नाही.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. काल्पनिक नायक घातला की लोक कल्पनेलाच इतिहास समजतील. समजतात, खरं आहे. पण चरित्रात्मक कादंबरीने हा धोका कमी केला की वाढवला? सिंहगड हे नाव तानाजींच्या आधीच्या पत्रांतही सापडतं, हे अभ्यासक केव्हापासून सांगताहेत. तरी तानाजी पडले म्हणून गडाचं नाव बदललं, ही समजूत हटत नाही. थोर पुरुषाच्या तोंडी घातलेलं काल्पनिक वाक्य फेसबुकावर फिरत राहतं, पुतळ्याखाली कोरलं जातं. नानासाहेबाच्या किंवा सावळ्याच्या तोंडचं वाक्य कुणी कोरत नाही. ती माणसं खोटी आहेत हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, आणि त्या करारावरच मजा उभी असते.

आता शेवटचं मागणं. इथून नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. तिथे जाऊन नाथमाधव मागा, ‘उषःकाल’ मागा, ‘झेप’ मागा. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला रोज एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. भाषा जड गेली तर सांगून टाका, थांबू नका. आणि तुमच्यापैकी कुणी लिहिणारा असेल, तर खांदेरीच्या त्या मचव्यावरचा तांडेल अजून कुणाची तरी वाट पाहतोय. त्याला शेवटी मारू नका, एवढीच विनंती.